ट्रेनिंगला पाठवलं, म्हणजे चूक माझीच का?

काउंटरवर काम करणारी माणसं मला हे नेहमी विचारतात. मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलात डिस्चार्जचं काम बघणाऱ्या ताईंनीही हेच विचारलं. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.) एका पेशंटच्या भावाशी त्यांची वादावादी झाली, तक्रार गेली आणि त्यांना ‘सेल्फ मॅनेजमेंट’च्या, म्हणजे स्वतःला सांभाळायला शिकवणाऱ्या ट्रेनिंगला बसवलं. “लोक अंगावर धावून येणार, आणि राग मीच आवरायचा?” बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला.

राग गिळायला शिकवणं हा या प्रशिक्षणाचा अर्थच नव्हे. राग नेमका कधी आणि कशावरून येतो, ते आधी कागदावर यायला हवं. मी त्यांना आठवडाभर प्रत्येक खटक्याची नोंद ठेवायला सांगितलं: वेळ, समोरच्याचं वाक्य, आपलं उत्तर आणि शेवटचं कधी खाल्लं होतं ते.

वहीतले बहुतेक खटके दुपारी एक ते तीनमधले निघाले. कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट भरण्याची मंजुरी अडकलेली, नातेवाईक ताटकळलेले, बदलीला कुणी नाही म्हणून डबा तसाच. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं: “तुम्ही मुद्दाम अडवताय.” हे ऐकलं की त्यांचं डोकं फिरायचं.

‘मी शांत राहीन’ हा निश्चय ऐन वेळी टिकत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली मांडलं तसं ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं बरं. आम्ही ठरवलं: ‘मुद्दाम’ हा शब्द आला की फाइल उघडायची, विमा कंपनीकडे विनंती किती वाजता गेली ते सांगायचं आणि नियमही सांगायचा. विमा नियामकाच्या 2024च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची असते. चिडलेला नातेवाईक मी झाले आणि तोंडात बसेपर्यंत सराव केला.

डब्याचं मात्र त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. उपाशी माणसाला संयमाचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. ती वही घेऊनच त्या सुपरवायझरकडे गेल्या आणि दुपारी अर्ध्या तासाची बदली मिळाली. खटके अजूनही उडतात, पण बरेच कमी.

तुम्हालाही अशा ट्रेनिंगला पाठवलं, तर जरूर जा. जाताना आठवडाभराच्या नोंदी सोबत न्या आणि यातलं माझ्या हातात काय, साहेबांच्या हातात काय, हे तिथेच सगळ्यांसमोर विचारा.