लहान नॉन-कोडिंग आरएनएचा अँटिबायोटिक रेझिस्टन्सशी काय संबंध?

रेझिस्टन्स, म्हणजे जीवाणूंनी औषधाला दाद न देणं, जनुकांमुळे येतो, मग ज्यापासून प्रोटीनच बनत नाही असा इवलासा आरएनए त्यात काय करणार, असं तुम्ही विचारलंय. तो नवं जनुक आणत नाही. आहेत त्या जनुकांपासून कोणतं प्रोटीन किती बनू द्यायचं, यावर त्याचा ताबा असतो, आणि औषध पेशीत किती शिरणार हे बरंचसं त्यावरच ठरतं.

१९८४ साली ई. कोलायमध्ये सापडलेला मिक-एफ हा लहान आरएनए बघा. या जीवाणूच्या बाह्य आवरणात ओम्प-एफ प्रोटीनची छिद्रं असतात. बीटा-लॅक्टम गटातली (उदा. अँपिसिलिन) बरीच औषधं तिथूनच आत जातात. जेमतेम ९३ न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतल्या दुव्यांचा) मिक-एफ ओम्प-एफच्या एमआरएनएवर, म्हणजे जनुकातला संदेश नेणाऱ्या आरएनएवर, प्रोटीन बनवणारा रायबोसोम नेमका बसतो त्या जागी चिकटतो. रायबोसोमला बसायला जागा नाही, म्हणून प्रोटीन बनत नाही. छिद्रं घटतात आणि औषध आत जायला वेळ लागतो. सॅलिसिलेटसारखं साधं रसायन आसपास असलं तरी मार-ए हे प्रोटीन वाढतं आणि त्यापाठोपाठ मिक-एफही. मार-एमुळे औषध बाहेर फेकणारे पंपही वाढतात, ते वेगळंच. डीएनएत एकही बदल न होता जीवाणू चिवट होतो, आणि रसायन काढून घेतलं की पुन्हा पहिल्यासारखा.

मला जास्त काळजी वाटते ती एसडीएस-आर या आरएनएची. अँपिसिलिनची मात्रा जीवाणू मरणार नाहीत इतकी कमी असली, तर ई. कोलायमध्ये हा आरएनए वाढतो आणि म्युट-एस प्रोटीन कमी करतो. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका हेरण्याचं काम म्युट-एसचं. ते घटलं की म्युटेशन वाढतात, आणि त्यांतलं एखादं कायमचा रेझिस्टन्स देऊ शकतं. अपुरा डोस घातक का, याचं हे एक अगदी ठोस कारण आहे.

अर्थात एकट्या आरएनएचा परिणाम सहसा मर्यादित असतो. बीटा-लॅक्टम औषधं तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमचं जनुक मिळालेल्या जीवाणूशी त्याची तुलना होणार नाही.

हीच युक्ती उलटवून रेझिस्टन्सच्या जनुकांचे एमआरएनए अडवणारे कृत्रिम रेणू प्रयोगशाळेत बनवले गेले आहेत. खरी अडचण ते पेशीत पोचवण्याची आहे, कारण बाह्य आवरणातून ते सहजी जात नाहीत. म्हणून त्यांना आवरण ओलांडणारी छोटी पेप्टाइडं जोडून बघतात.