कोट्यवधी कमावणाऱ्या फुटबॉलपटूंना चाहत्यांच्या शिव्या एवढ्या का लागतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एवढा पैसा घेणाऱ्याने चार शिव्या खायला काय हरकत आहे, ही एक. आणि रागाच्या भरात तुम्ही एका खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर जे लिहिलंत, ते तो वाचतो तरी का, ही दुसरी.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत, तालमीतालमींत वाटलेला आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडत मी मोठा झालो. म्हणून आधी इथलंच सांगतो, कारण इथल्या पोरांना कोट्यवधी मिळत नाहीत.

कॉलेजात असताना एका मॅचला आमच्याच गोलकीपरच्या हातातून साधा बॉल सुटला आणि गोल झाला. उरलेला सगळा वेळ आम्ही पंचवीस-तीस पोरं त्याच्या पाठीमागे जाऊन बसलो आणि त्याला आईबहिणीवरून बोलत राहिलो. तो दिवसा एका औषधाच्या दुकानात कामाला होता. दुसऱ्या दिवशी आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला मी त्याच दुकानात गेलो. त्याने गोळ्या दिल्या, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले, मान काही वर केली नाही. दहा-बारा वर्षांनी एका लग्नात जेवायला शेजारी बसलो, तेव्हा मी विषय काढला आणि माफी मागितली. तो म्हणाला, तीन महिने चौक टाळून लांबच्या वाटेनं घरी जात होतो, रात्र रात्र झोप नव्हती, आणि घरातसुद्धा बोललो नव्हतो. का, असं विचारल्यावर म्हणाला, "कुणाला सांगितलं असतं तर पुढच्या मॅचला तेच गॅलरीतनं ऐकाय लागलं असतं."

माझं उत्तर त्याच्या या वाक्यात आहे. शिवी लागते ती लागतेच, पण त्याहून वाईट म्हणजे गर्दीच्या भीतीने माणूस आपलं दुखणं लपवायला शिकतो.

हे किती लांब जाऊ शकतं ते पाहायचं असेल तर जर्मनीचा गोलकीपर रॉबर्ट एन्के याच्याबद्दल वाचा. 2002 मध्ये तो स्पेनच्या बार्सिलोना क्लबात गेला. तिथे नोव्हेल्डा नावाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या संघाकडून हार झाली आणि दोष त्याच्यावर आला, स्वतःच्या संघातल्या सहकाऱ्यानेही उघडपणे बोल लावला. पुढच्या वर्षी तो इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे गेला. पहिल्याच सामन्यात संघ 0-3 ने हरला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या, लायटर फेकले. त्या एका सामन्यानंतर त्याने तो क्लब सोडला. नैराश्यावर उपचार तेव्हाच सुरू झाले होते, पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मग जर्मनीतल्या हॅनोव्हर क्लबात तो सावरला, लाडका झाला. 2006 मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी हृदयाच्या आजाराने गेली. 2009 मध्ये, जर्मनीच्या संघात त्याची जागा जवळजवळ पक्की झालेली असताना आजार उलटला. तो मैदानाबाहेर का आहे, याचं लोकांना सांगितलेलं कारण होतं जंतुसंसर्ग. खरं कारण कळलं तर खेळ संपेल आणि नुकतीच दत्तक घेतलेली मुलगी आपल्याकडून काढून घेतील, ही धास्ती त्याने घेतली होती. 10 नोव्हेंबर 2009 रोजी त्याने जीवन संपवलं. तो 32 वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी टेरेसा पत्रकारांसमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. श्रद्धांजलीला हॅनोव्हरच्या स्टेडियमवर सुमारे 40 हजार माणसं आली होती. एवढी माया करणारी माणसं, आणि त्यांच्यापासूनच तो आजार इतकी वर्षं लपवावा लागला, हे माझ्या मनातून जात नाही.

त्याचा जीव प्रेक्षकांनी घेतला असं मी म्हणत नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याला एकच कारण नसतं. (हे वाचताना कुणाला स्वतःचं काही आठवलं, तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.)

आता पैशाचं. 2021 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत स्पेनचा आल्वारो मोराता गोल चुकवत होता. सामने त्याच्याच देशात, सेव्हिलमध्ये होते. तुझी पोरं मरोत, असे निरोप त्याला आले. त्याच्या नावाचा शर्ट घालून स्टेडियमला आलेल्या बायकोमुलांनाही लोक बोलले. रात्री झोप लागली नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं. तीन वर्षांनी हाच मोराता कर्णधार म्हणून युरो जिंकला, आणि काही महिन्यांनी त्याने उघड केलं की स्पर्धेआधी नैराश्याने, घाबरण्याच्या झटक्यांनी तो इतका खचला होता की पुन्हा खेळता येईल की नाही याचीच त्याला शंका होती. लहान पोरगं बापाचं नाव पाठीवर मिरवत येतं आणि ते नाव शिवीसारखं ऐकून घरी जातं. यात कुठल्या पगाराचा उपयोग होतो, मला सांगा.

मग टीकाच करायची नाही का? करा की. पास चुकला, जागा सोडली, पळाला नाही, सगळं बोला. जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 ने हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला जेमतेम अडीच हजार लोक. छेत्रीने व्हिडिओ काढून हात जोडले: टीका करा, शिव्याही द्या, पण स्टेडियमवर या. पुढच्या सामन्याला स्टेडियम भरलं. मला त्यातलं 'या' महत्त्वाचं वाटतं. समोर आलेल्या माणसाला खेळाडूचा चेहरा दिसतो. मला तो दुकानात दिसला होता, म्हणून तर मी ते विसरू शकलो नाही. फोनवर लिहिणाऱ्याला गोळ्या आणायला त्याच्याकडे जावं लागत नाही.

आणि तुमचा दुसरा प्रश्न. वाचतात. 11 जुलै 2021 रोजी वेम्ब्लीवर युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या बुकायो साकाची पेनल्टी अडवली गेली, तेव्हा तो 19 वर्षांचा होता. चार दिवसांनी त्याने लिहिलं की आपल्यावर आता कसला द्वेष येणार आहे, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. वर्णावरून त्याच्यावर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या महिन्यात तो आर्सेनलकडून टॉटनहॅमच्या मैदानावर खेळायला उतरला. आर्सेनल आणि टॉटनहॅम हे दोन्ही उत्तर लंडनचे क्लब, आणि त्यांच्यात हाडवैर, आमच्या पेठांसारखंच. त्या दिवशी टॉटनहॅमच्या प्रेक्षकांनी उत्तर लंडन साकाच्या पाठीशी आहे असा फलक धरला आणि तो मैदानात आल्यावर टाळ्या वाजवल्या. नव्वद मिनिटं त्यांना आपलाच संघ जिंकायला हवा होता, त्यात काही फरक पडला नाही.

तुमची ती कमेंट अजून तिथे असेल तर आज काढून टाका.