लस घेतल्यापासून सांधे दुखतात, हा लसीचाच परिणाम असेल का?

तुम्ही लिहिलंय की कोरोनाची लस घेऊन चार महिने झाले, सकाळी बोटं मिटत नाहीत, थकवा जात नाही आणि घरचे सगळे लसीकडे बोट दाखवतात. कोणाला असा अनुभव आहे का, असं विचारलंत. मला आहे. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, पऱ्हाटी आणि तूर. पण हे दुखणं आठ महिने अंगावर काढलंय.

एप्रिल 2021 मध्ये 45 वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झाली, तेव्हा मी 51 चा. गावच्या शाळेत टोचली, अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. रात्री असं हीव भरलं की त्या उकाड्यात दोन गोधड्या घेतल्या. दंड दगडासारखा, अंग ठेचून काढल्यासारखं. दुसरा दिवस पॅरासिटामॉल घेऊन पडून काढला, तिसऱ्या दिवशी वखर घेऊन वावरात. जुलैत दुसरा डोस झाला, तेव्हा नुसता दंड दुखला. लसीचा काहीच त्रास होत नाही असं कोणी म्हटलं की मला रागच येतो. झाला ना मला! पण आला तसा गेला.

मग पोळा आला, 6 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारात उभी, मी त्यांना बोजारा द्यायला उठायला गेलो तर ओट्यावरून उठताच येईना. संध्याकाळपर्यंत ताप फणफणला, घोटे सुजले, दोन दिवसांनी अंगावर लाल पुरळ. ताप आठवड्यात उतरला. सांधे मात्र तिथेच राहिले. सदऱ्याची गुंडी बायको लावून द्यायची. वेचणीला माणसं लावली आणि मी धुऱ्यावर बसून बघत राहिलो.

शेजारचे काका येऊन सांगून गेले, "तुले तं सुईच बाधली, बा." मलाही पटलं. तालुक्याच्या एका डॉक्टरकडे दर आठ दिवसांनी इंजेक्शन घ्यायचो. दोन दिवस सूज उतरायची, पाचव्या दिवशी परत हजर. ते स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं, तोवर साखर वाढून बसली होती.

उलगडा केला बायकोच्या कॅलेंडरनं. ती त्यावर दुधाचा हिशेब लिहिते, आजारपणंही लिहिते. लस एप्रिल आणि जुलैच्या पानावर, ताप सप्टेंबरच्या. मध्ये मी डवरणी केली, फवारणी केली, काही दुखत नव्हतं. आणि त्याच आठवड्याच्या चौकटीत आमच्या आळीतली आणखी चार नावं. त्यातला एक माझा चुलतभाऊ. लसीची गाडी आली की हा गडी तुरीत लपायचा, एकही सुई घेतली नव्हती. त्याचेही घोटे माझ्यासारखेच.

मग जिल्ह्याला जाऊन रक्त दिलं. चिकनगुनियाची आयजीएम तपासणी, म्हणजे अलीकडे लागण झाली होती का ते दाखवणारी, पॉझिटिव्ह. (2006 च्या साथीत आमच्याकडे लोकांनी नावावरून कोंबडी खाणं सोडलं होतं! तो शब्द टांझानियातल्या मकोंडे भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवणारा'. मी कसा चालत होतो ते पाहिलं असतं तर तुम्हीही हेच नाव ठेवलं असतं.) दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे तो होतो. आमचा डास बहुधा कूलरच्या टाकीतला. उन्हाळा संपला की कूलर मागच्या अंगणात ढकलतो, पाणी काढायचं कोणाच्या लक्षात राहतं? विषाणू काही दिवसांत जातो, पण काहींचे सांधे महिनोन् महिने, क्वचित वर्षं धरतात. वय झालेल्यांचे जास्त.

माझ्या वहिनीचं वेगळं. तिला दुसऱ्या लाटेत कोरोना झाला, त्यानंतर विहिरीवरून पाण्याची एक गुंड आणली तरी बसावं लागायचं. तेही सहा महिने चाललं आणि त्याचाही दोष आधी लसीवरच गेला, लस तिनं आजारानंतर घेतली तरी.

म्हणून तुम्हाला सांगतो, आधी एका कागदावर तारखा मांडा. लसीनंतर कितव्या दिवशी सांधे धरले? मध्ये ताप, पुरळ आलं होतं का? घरात, आळीत आणखी कोणाला? कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि चिकनगुनियाबरोबर संधिवाताचीही तपासणी करा म्हणा, चार महिने सूज राहिली तर तो बघायलाच हवा. नवा ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका, रक्तस्रावाची भीती असते. आणि तारखा खरोखर लसीलाच चिकटून असतील तर गप्प बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नोंद करा, आशाताईंना सांगितलं तरी चालतं. लसीनंतरच्या त्रासाची नोंद घेणं त्यांचं कामच आहे.

मला आराम पडला तो गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवण्यानं, आणि वेळेनं. पुढच्या मृगापर्यंत तिफण धरता आली. उजवं मनगट थंडीत अजून कुरकुरतं. तुमच्या तारखा खाली लिहा, बघू.