जुना फ्लॅट घेऊन दुरुस्त करायचाय : भाव कसा काढावा?

कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, तीस वर्षं जुना टूबीएचके, मागणी ८० लाख, आणि एजंट म्हणतोय की बँकेने व्हॅल्युएशन केलंय म्हणजे भाव बरोबरच आहे. एकाने असं लिहून हा भाव घ्यावा का असं विचारलं होतं. ते वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का, एवढंच तिचा व्हॅल्युअर बघतो. तुम्ही जास्त पैसे मोजताय का, हे बघणं त्याचं काम नाही.

आयजीआरच्या (नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) ई-सर्चवर त्याच सर्व्हे नंबरावरच्या मागच्या दीड वर्षातल्या सूची-२, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, काढा. त्यात तिसऱ्या रकान्यात ‘बाजारभाव’ लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका. ते मुद्रांकासाठी रेडी रेकनरवरून (सरकारी दरतक्त्यावरून) काढलेलं मूल्यांकन असतं. व्यवहाराची रक्कम दुसऱ्या रकान्यात, ‘मोबदला’ म्हणून. क्षेत्रफळ पाचव्यात, बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये, ते १०.७६४ ने गुणा. कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून) हे नीट वाचा, आणि सगळे दर कार्पेटवर आणूनच तुलना करा. एजंटचा ‘सेलेबल’ (जिना वगैरे धरून फुगवलेला) एरिया सोडून द्या, टेप घेऊन खोल्या स्वतः मोजा. बाल्कनी आत घेतलेली असेल तर तिची परवानगी विचारा.

आता जास्तीत जास्त किती द्यायचे, याचं उलटं गणित करा. समजा, त्याच गल्लीत नीट केलेला तेवढाच फ्लॅट ८५ लाखांना गेलाय. त्यातून दुरुस्तीचे १० लाख वजा, त्यावर १५ टक्के राखीव म्हणजे दीड लाख, सहा महिन्यांचं व्याज सुमारे दोन लाख, पुण्यात ७ टक्के मुद्रांक, नोंदणीचे ३०,०००, एजंटचा १ टक्का (हे दोन्ही टक्के तुमच्या खरेदीच्या रकमेवर). तुम्ही द्यायला उरतात साधारण ६६ लाख. स्वतः राहणार असाल तर थोडं वर जा, पण ८० नाही. (खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते.)

या गणितात सगळ्यात महाग पडते ती सोसायटीला द्यावी लागणारी रक्कम. आम्हाला एका सोसायटीच्या कार्यालयाने ‘काही बाकी नाही’ असा सही-शिक्क्याचा दाखला दिला. पण स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) होऊन मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सर्वसाधारण सभेत आधीच मंजूर झालेली होती. हप्ता मागितलेला नव्हता, म्हणून हिशेबात ‘बाकी’ नव्हती. खरेदीखतानंतर पहिली मागणी नव्या मालकाच्या नावाने आली. दाखला अक्षरशः खरा होता, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. हा प्रकार मला अजूनही संतापजनक वाटतो. म्हणून नुसत्या दाखल्यावर थांबू नका. सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि ताळेबंद बघता येतात. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे हे विक्रेत्याकडूनच करून घ्या: मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं, ऑडिटचा अहवाल आणि ‘मंजूर झालेली पण अजून न मागितलेली वर्गणी किती’ याचं लेखी उत्तर. तो टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका. आकडा मिळाला की वरच्या ६६ मधून सरळ वजा करा, आणि विसार पावतीत ‘ताब्यापूर्वीच्या ठरावांची वर्गणी विक्रेत्याची’ हे वाक्य घाला.

घर बघताना खालच्या फ्लॅटवाल्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत बघा. प्लास्टर फुगलंय, हातोडीने हलकं ठोकलं की पोकळ वाजतं, किंवा गंजलेली सळई दिसते, तर वरचं बाथरूम कोब्यापासून (फरशीखालच्या थरापासून) फोडून नवं वॉटरप्रूफिंग करावं लागणार. तो खर्च तुमचा. मोरीची गळती सोसायटी आपल्या अंगावर घेत नाही. गच्चीची गळती मात्र तिची जबाबदारी.

मी वकील नाही, टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) वेगळा करून घ्या. आणि इतिवृत्तात पुनर्विकासाचा ठराव दिसला, तर इमारतच पाडली जाणार, तेव्हा दहा लाखांची दुरुस्ती विसरा. वायरिंग आणि नळ तेवढे ठीक करा, रंग लावा आणि राहायला जा.