पाणी उकळतं होतं, पण भुसा तापला होता का?

घरी अळिंबी करणाऱ्यांचे जे प्रश्न माझ्याकडे येतात, त्यातले निम्मे एकाच जागी अडकलेले असतात: अळिंबी ज्यावर वाढवायची तो नारळाचा भुसा भिजवला कसा आणि तापवला कसा. उत्तर दिलं की महिन्याभरात तोच प्रश्न हिरवी बुरशी धरलेल्या नव्या पिशवीच्या फोटोसह परत हजर. म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतो.

कोकोपीट, कॉयर पिथ आणि काथ्याचा भुसा यांत फरक काय?

काही नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जे उरतं ते हेच, आणि ते दाबून विटा करून विकतात. वीट घेताना लांब तंतू कमी आणि बारीक भुसा जास्त आहे एवढं पाहा.

विटेवर ‘धुतलेले, निर्जंतुक, वापरण्यास तयार’ असं छापलेलं आहे. तरी तापवायचं का?

तापवायचं. कोरड्या विटेवर बुरशी दिसत नाही, कारण तिला पाणी मिळालेलं नसतं. बीजाणू आत असतातच. पातळ प्लॅस्टिकात गुंडाळून गोदामं फिरून आलेल्या वस्तूला निर्जंतुक म्हणणं म्हणजे शब्दाची थट्टा आहे. ‘अळिंबीसाठी खास’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या काही विटा मी फोडून पाहिल्या आहेत. बागेच्या विटेहून वेगळं आत काही सापडलं नाही.

‘धुतलेले’ हा शब्द मात्र तपासण्यासारखा आहे. सोडणं पुष्कळदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम, पोटॅशियमचे क्षार राहतात. भिजवलेला भुसा पिळून ते पाणी ईसी मीटरने, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या मीटरने, मोजा. आकडा सेंटिमीटरला १ मिलिसिमेन्सच्या खाली असला तर ठीक. मीटर नसेल तर दोन-तीन पाण्यांतून खळखळून काढा. आकडा धुऊनही उतरत नसेल तर माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या, अंदाजावर पिशव्या भरू नका.

६५० ग्रॅमची वीट बादलीत ठेवली, वरून उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि तासाभराने स्पॉन (धान्यावर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं) मिसळलं. सहाव्या दिवशी हिरवे डाग. पाणी तर चांगलं उकळतं होतं!

पाणी उकळतं होतं हे मान्य. भुसा किती तापला होता? हा आकडा मला आजवर फार थोड्या पत्रांत सापडला आहे, आणि माझं सगळं भांडण याच एका आकड्याशी आहे.

दाबलेली वीट अख्खी ठेवली की पाणी बाहेरून आत शिरायला वेळ घेतं. कडा फुलतात, पोट कोरडंच राहतं. पुढे तेही भिजतं, पण तोवर पाणी बरंच उतरलेलं असतं. त्यात कोरडे बीजाणू ओल्या बीजाणूंपेक्षा उष्णता कितीतरी जास्त सोसतात. म्हणजे जिथे मार बसायला हवा होता, तिथे तो बसलाच नाही. म्हणून वीट आधी फोडायची. थोड्या साध्या पाण्यात मोकळी करून घेतली तर उत्तम, फक्त ते पाणी एकूण पाण्यात धरायचं. ६५० ग्रॅमला एकूण ३ लिटर पाण्यापासून सुरुवात करा. प्रत्येक विटेची तहान वेगळी असते, तेव्हा उरलेला हिशेब मुठीने करायचा: मूठभर भुसा घट्ट दाबला की बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं. ओल्या गच्च भुशात हवा राहत नाही, आणि हवा नसली की आंबट वास सोडणारे जीवाणू मालक होतात.

आता तापमान. पाश्चरीकरण म्हणजे ढिगाच्या *मध्यभागी* ६० ते ८० अंश सेल्सिअस, आणि तेही किमान तास-दीड तास टिकून. मी दोन तास धरतो. पातळ पत्र्याची किंवा अर्धी रिकामी बादली उष्णता पटकन घालवते. बादली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, घोंगडीत किंवा जुन्या रजईत गुंडाळा. लांब दांडीचा तापमापक मधोमध खुपसा आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहून ठेवा. ‘हात लावला, चटका बसला’ हे मोजमाप नव्हे, चटका ५०-५५ अंशालाही बसतो.

आणि तुमची दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे. तासाभराने स्पॉन मिसळलं म्हणता. झाकलेल्या बादलीतला भुसा तेव्हाही ४०च्या बराच वर असणार. धिंगरीचं (ऑयस्टर अळिंबीचं) बुरशीजाल ४०च्या आसपासच मरू लागतं. तुम्ही स्पॉन शिजवलंत, आणि शिजलेलं धान्य म्हणजे ट्रायकोडर्माला, म्हणजे त्या हिरव्या बुरशीला, पंगतीचं आमंत्रण. मध्यभाग २५ ते ३० अंशावर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. त्याला रात्र लागते, लागू द्या.

पुढच्या खेपेला एक करा. तापवलेला थोडा भुसा स्पॉन न घालता स्वच्छ बरणीत बंद ठेवा आणि चिमूटभर स्पॉन त्याच्याच पिशवीत वेगळं राखून ठेवा. बरणी दोन आठवडे स्वच्छ राहिली आणि पिशवी हिरवी झाली, तर दोष बहुधा भुशाचा नाही, स्पॉनचा किंवा हातांचा आहे. मग ती राखीव चिमूट घेऊन स्पॉन देणाऱ्या प्रयोगशाळेत जा आणि त्यांनाच विचारा.

मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं?

नाही. एका जागी वाफ, शेजारी थंड.

मग प्रेशर कुकरच बरा ना?

नुसत्या कोकोपीटला त्याची गरज नाही. त्यात पोषण इतकं कमी असतं की आगंतुकांनाही फारसं काही मिळत नाही. साधं पाश्चरीकरण त्याला पुरतं ते म्हणूनच. शिवाय या तापमानात उष्णता सोसणारे काही उपयुक्त जीवाणू मागे राहतात आणि थोडी राखण करतात. कोंडा किंवा पीठ घालणार असाल तर गोष्ट वेगळी. मग १२१ अंश, १५ पौंड दाब आणि पिशवीच्या आकाराप्रमाणे दोन तास किंवा जास्त. शिट्ट्या मोजून हे होत नाही. पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराच्या देखरेखीखाली करा, भरलेला कुकर गंमत नाही.

फक्त कोकोपीटवर धिंगरी लावली. पांढरं जाल छान पसरलं, पण अळिंबी मूठभरच आली.

कोकोपीट पाणी धरतं, जेवण देत नाही. त्यात लिग्निन भरपूर आणि नत्र नगण्य. जाल पसरलं ते बहुतेक स्पॉनच्या धान्याच्या जोरावर. पेंढा किंवा गव्हाचं काड मुख्य ठेवा, कोकोपीट चौथा हिस्सा. ‘गूळपाणी घाला’ हा सल्ला कुठे ऐकलात ते विचारत नाही, पण तो विसरा. बटण अळिंबीच्या कंपोस्टवर आच्छादन घालायचं असेल तिथे मात्र कोकोपीट शोभतं, कारण आच्छादनाला पोषण नकोच असतं.

चुन्याच्या पाण्यात भिजवलं तर तापवायची कटकट वाचेल का?

पेंढ्याला ही रीत चालते. विरलेल्या चुन्याने पाण्याचा सामू (पीएच) १२च्या आसपास नेऊन १२ ते १८ तास भिजवायचं आणि निथळायचं. कोकोपीट स्पंजासारखं ते पाणी धरून बसतं, म्हणून मी त्याला सुचवत नाही. खडूची भुकटी चुना म्हणून वापरणाऱ्यांनी तर सामूपट्टी बुडवून पाहावी, ती १२च्या जवळपासही जात नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे.

एकाने फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात भिजवायला सांगितलं. व्यावसायिक लोक करतात म्हणे.

करतात. तुम्ही स्वयंपाकघराच्या शेजारी करू नका. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मॅल्डिहाइड, आणि त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. घरच्या चार पिशव्यांसाठी बंद खोलीत ती वाफ हुंगायची, ती पातेलंभर पाणी तापवायचा कंटाळा म्हणून! ‘थोडंसं चालतं’ म्हणणाऱ्याला मोजून किती ते विचारा. आधीच वापरलं असेल आणि डोळे किंवा घसा चुरचुरत असेल, तर मला लिहीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

भुसा भिजवून चार दिवस झाले, वेळच मिळाला नाही. आता तापवू का?

आंबट वास येत असेल तर झाडांना घाला. येत नसला तरी मी धोका पत्करणार नाही. भिजवलं त्याच दिवशी तापवायचं, निवलं की त्याच दिवशी स्पॉन.

नऊ दिवसांपूर्वी पिशवीच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका दिसला. आता तळहाताएवढा आहे. त्यावर मीठ टाकू की हळद? बाकी पिशवी पांढरी आहे.

नऊ दिवस! ठिपका हिरवा दिसतो तेव्हा त्याचे बीजाणू तयार झालेले असतात, आणि जाल त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. मीठ, हळद, चमच्याने कोरून काढणं, यातलं काहीही त्याला गाठत नाही. पिशवी घरात उघडू नका. आहे तशी दुसऱ्या पिशवीत बांधून बाहेर काढा, शेजारच्या पिशव्या रोज पाहा. तिच्यावर अळिंबी आली तरी खाऊ नका. घरात कुणाला दमा असेल तर त्या खोलीत पुन्हा पिशव्या लावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. निरोगी धिंगरीचेही बीजाणू हवेत भरपूर उडतात आणि काहींच्या छातीला ते सोसत नाहीत.

पीक निघालेलं कोकोपीट परत तापवून वापरता येईल?

अळिंबीसाठी नाही. कंपोस्टात टाका.