खाऊनही अंग धरत नाहीत ते रोहू

प्रश्न : आमच्या तलावाला बंद पडलेल्या कारखान्याचा नाला मिळतो. रोहू पेंड-कोंडा नीट खातात, तरी डोकं मोठं, अंग बारीक. नाल्यात पारा असल्याची गावात चर्चा आहे. पाऱ्याने माशांचं पचन बिघडतं का? आणि हे मासे खावेत का?

उत्तर : बिघडतं. पण नुसत्या रोडपणावरून पाऱ्यावर खापर फोडू नका. दाटी, पाण्यात कमी ऑक्सिजन, आतड्यातले कृमी ही कारणं त्याहून कितीतरी जास्त आढळतात.

रोहूला जठर नसतं, सगळं पचन लांबलचक आतड्यात. पाऱ्याचे क्षार प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरतात. अस्तरावरचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जस्तावर चालतं. पारा आला की ते मंदावतं. पेशीतला सोडियम बाहेर काढणारा पंपही अडतो. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं आत ओढली जातात ती या पंपाच्या जोरावर, त्यामुळे पचलेलं अन्नही अंगी लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या घड्यांची टोकं झडलेली आणि वर श्लेष्माचा जाड थर दिसतो.

खाण्याच्या दृष्टीने मात्र घातक आहे तो मिथाइल पारा. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू तो तयार करतात. आतडं तो जवळजवळ सगळा शोषून घेतं आणि तो मांसात साठतो. असा मासा धष्टपुष्टही दिसू शकतो! छोटे मासे खाणाऱ्या मरळीत तो जास्त. तळून, उकळून, खारवून जात नाही.

तपासणीत पहिली चूक बाटलीची. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत पारा भिंतींना चिकटतो, थोडा उडूनही जातो आणि पाणी उगाच स्वच्छ ठरतं. आम्ल घातलेली काचेची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. तसं पाण्यापेक्षा गाळ आणि मांसच जास्त सांगतात. नाल्याच्या तोंडाचा आणि लांबच्या टोकाचा वरचा ५ सेंटिमीटर गाळ वेगवेगळा घ्या. तलावातल्या मोठ्यात मोठ्या मरळीच्या पाठीचं कातडीविना मांस बर्फात पाठवा, सोबत रोहूचंही. ‘एकूण पारा’ मागा. भारतात रोहूसारख्या माशासाठी मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे, तीही ओल्या मांसावर. अहवाल सुक्या वजनाचा असेल तर आकडा चार-पाच पट फुगलेला असतो.

अहवाल येईपर्यंत गरोदर बायका आणि लहान मुलांना या तलावातला मासा देऊ नका. गाळ उपसायचा बेतही तोवर थांबवा, ढवळलेल्या गाळातला पारा पुन्हा पाण्यात येतो.