गोळ्या शिवणाच्या डब्यात का?

वाचकांचे प्रश्न : या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. नावं-गावं काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी ३१ वर्षं एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते. औषध लिहून देणं माझं काम नव्हतं आणि आजही नाही. गोळीबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. एम.एस्सी. झाली, कॉलेजात शिकवते. पाच वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा त्रास झाला. रात्र रात्र झोप नाही, सतत बोलणं, साठवलेले पैसे मैत्रिणींना वाटून टाकले. डॉक्टरांनी बायपोलर म्हणून सांगितलं, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. तीन वर्षांत काही त्रास नाही. आता स्थळं येताहेत. माझी नणंद म्हणते, अजिबात सांगू नका, धाकटीचंही जमायचं नाही. लग्न झालं की आपोआप ठीक होईल. गोळ्या लागल्याच तर दर महिन्याला मी गुपचूप पोचवीन, असंही तीच म्हणते. मी काय करू?

उत्तर : ताई, सांगा. मात्र कोणी, कधी आणि किती सांगायचं हे ठरवून सांगा.

त्याआधी मला तुम्हाला एका मुलीबद्दल सांगू द्या. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जीपमधून आमच्याकडे आणलं होतं. लग्नाला सात महिने झालेले. हातातली हिरवी बांगडी वाजत राहावी इतका हात थरथरत होता. पाय फाकवून, होडीत चालल्यासारखी चालत होती. रात्रीपासून उलट्या, जीभ जड. सासू रडून रडून सांगत होती, "कुणीतरी करणी केली हो माझ्या सुनेवर." नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. दुपारच्या एस.टी.ने मुलीची आई आली आणि मला हाताला धरून पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. "बाई, तिला लिथियम चालू आहे. पण तिकडे बोलू नका."

गोळ्या शिवणाच्या डब्यात होत्या, बॉबिनांच्या खाली. पट्टीवरचं नाव कात्रीच्या टोकानं खरवडून काढलेलं.

लिथियम हा एक क्षार आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं त्याला बाहेर जाऊ देत नाहीत, धरून ठेवतात. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या आसपास राखतात, आणि ते दीडच्या वर गेलं की औषधाचं विष व्हायला लागतं. या मुलीनं चोवीस तास पाण्याचा थेंब घेतला नव्हता. डोकं दुखायला लागलं म्हणून सासूनं मायेनं दुखण्यावरची गोळी दिली होती. अशा बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्यांनी लिथियम आणखी वाढतं. उपवास खुशाल कर, पण निर्जळी नको, असं तिला सांगणारं त्या घरात कुणी नव्हतं, कारण त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

सलाईन लागलं, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासू मला म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मीच तिला पाणी पाजलं असतं. देवीला काय, पाण्यानं राग येतो?" ती बाई चौथी शिकलेली होती. आपण मनाशी जिला 'कळणार नाही' म्हणून बाजूला ठेवतो, ती हीच. तो संसार टिकला, पण जावयानं पुढची दोन वर्षं सासरच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही.

म्हणून ताई, नणंदबाईंचं महिन्याच्या महिन्याला गोळ्या पोचवण्याचं गणित मला मान्य नाही. गोळ्या पोचतीलही. पण दर काही महिन्यांनी रक्त तपासायला ती कोणत्या निमित्तानं बाहेर पडणार? लग्नाचंच बघा. हळद, वरात, आणि मग जागरण-गोंधळ. बायपोलरमध्ये सलग झोप मोडणं हे त्रास उलटण्याचं मोठं कारण असतं. नवऱ्या मुलाला माहीत असेल तर तो घरच्यांना म्हणू शकतो की तळी उचलायला आम्ही दोघं बसू आणि अकराला झोपायला जाऊ. माहीत नसेल तर तुमची मुलगी पहाटेपर्यंत बसेल. पुढे मूल हवं असेल तेव्हा कोणतं औषध ठेवायचं, कोणतं बदलायचं, हे दिवस राहण्याआधी डॉक्टरांसोबत ठरवावं लागतं. तेही एकटीनं लपूनछपून होत नाही.

'लग्न झालं की ठीक होईल' हे वाक्य मी ३१ वर्षं ऐकलं. त्या भरवशावर गोळ्या बंद झालेल्या मुली आणि मुलगे मी पुन्हा दाखल होताना पाहिले आहेत. एवढंच सांगते.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण तुमच्या मनात ती भीती असणार. हिंदू विवाह कायदा, १९५५ मानसिक आजार असलेल्या माणसाला सरसकट लग्नाला अपात्र ठरवत नाही. आजारामुळे संमतीच देता येत नसेल, आजार लग्न आणि मुलंबाळं यांना अयोग्य ठरावं अशा स्वरूपाचा किंवा इतका असेल, किंवा वेडाचे झटके वारंवार येत असतील, तरच तो आड येतो. कॉलेजात तास घेणारी, तीन वर्षं नीट असलेली तुमची मुलगी त्यात कशी बसेल? पूर्वी त्याच कलमात मिरगीसुद्धा होती. १९९९ मध्ये ती काढली. उलट महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, तर ती फसवणूक म्हणून समोरचा पक्ष कळल्यापासून एका वर्षाच्या आत लग्न रद्द करून मागू शकतो. धोका लपवण्यात जास्त आहे.

आता कसं सांगायचं. कांदेपोह्यांच्या दिवशी नाही, तेव्हा दोन्हीकडची पसंतीच ठरलेली नसते. पसंती झाली, आणि सुपारी फुटायची आहे, या मधल्या दिवसांत. आईबापांनी मध्यस्थाच्या कानात नाही, मुलीनं मुलाला. दोघंच चहाला बसलेली असताना, साध्या आवाजात : "पाच वर्षांपूर्वी मला बायपोलरचा त्रास झाला होता. रोज रात्री गोळी घेते, ठरलेल्या वेळी रक्त तपासते. तीन वर्षं मी ठीक आहे. तुम्हाला माझ्या डॉक्टरांना भेटायचं असेल तर आपण दोघं जाऊ." बास. माफी मागायची नाही, डोळे पुसायचे नाहीत. आपणच आवाज खाली आणला की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी भयंकर आहे.

काही स्थळं जातील. एखादं घर चार ठिकाणी बोलेलही. धाकटीच्या वेळी कुणी विचारेल. यातलं काही होणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण जो मुलगा "चला, डॉक्टरांना भेटू" म्हणेल, त्याच्या घरात गोळ्या टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी असतील.

आणि एक गोष्ट मला खटकली. तुमच्या पत्रात नणंदबाईंचं म्हणणं आहे, तुमची काळजी आहे, पण मुलीचं म्हणणं एका ओळीतही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. कोणाला सांगायचं हे तिचं तिनं ठरवायचं. आज संध्याकाळी तिलाच विचारा ना, तिला काय वाटतं.

प्रश्न : भाऊ ३४ वर्षांचा. त्याला आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध गाव कट करतंय असं म्हणतो. औषधानं फरक होता. आई दर अमावास्येला त्याला एका देवऋषीकडे नेते. त्यानं गोळ्या बंद करायला लावल्या, आणि मागच्या वेळी छडीनं मारलं. आईच्या विरुद्ध जाता येत नाही. दोन्ही चालू ठेवलं तर चालेल का?

उत्तर : देवाला जाणं चालेल. गोळी बंद करणं आणि मार, दोन्ही चालणार नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, छडीनं-चाबकानं मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि साखळीनं बांधायला २०१७ च्या कायद्याचीही बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं जागची हलू शकली नाहीत, २८ जण जिवाला मुकले. हे आईला घाबरवायला नाही, तुम्हाला ठाम राहता यावं म्हणून सांगते.

आईशी 'अंधश्रद्धा' हा शब्द काढून भांडू नका. तिचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत परका झाला आणि कुणीतरी तिला "मी बरा करतो" म्हणालं, म्हणून ती जाते. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरच आलेल्या माणसाला डॉक्टरांकडेही पाठवतात, दुवा आणि दवा दोन्ही. तुम्ही आईला घेऊन कुलदैवताला जा, नारळ फोडा, आणि तिथूनच तिघं दवाखान्यात जा. डॉक्टरांना महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. रोजच्या गोळीवरून घरात रोज भांडण होत असेल तिथे त्याचा फार आधार होतो. आणि पुढच्या अमावास्येला तुम्ही स्वतः भावाजवळ थांबा. त्याला एकटं पाठवू नका.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळानं यंदा 'मनाचे आरोग्य' या विषयावर जिवंत देखावा करायचं ठरवलंय. फाटक्या कपड्यातला वेडा, पायात साखळी, पोरं दगड मारताहेत. मग डॉक्टर येतात, गोळी देतात आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतो. काही सुधारणा सुचवाल का? सगळे कार्यकर्ते पंचविशीच्या आतले आहोत.

उत्तर : मुलांनो, हा विषय घेतलात याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहिते : तो फाटक्या कपड्यातला माणूस काढून टाका. त्याला बघून रांगेतली बाई मुलाचा हात घट्ट धरेल, "आपल्याकडे असं कुणी नाही" म्हणेल आणि पुढच्या मंडळाकडे जाईल.

माझ्या खिडकीसमोर बसलेली माणसं अशी दिसत नसत. एक कंडक्टर होता, ड्यूटी संपल्यावर तीच रोकड दहा-दहा वेळा मोजायचा आणि घरी जायला मध्यरात्र करायचा. एक बाई होती, तिला आमटीची चवच कळेनाशी झाली म्हणून तिनं मीठ घालणं सोडलं होतं, आणि घरचे आळशी म्हणून तिला बोल लावत होते. दोघांचेही कपडे इस्त्रीचे होते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. तुमच्या आळीत दोनशे मोठी माणसं असतील तर हिशोब तुम्हीच करा, आणि देखावा त्यांच्यासाठी करा.

मला एक प्रसंग सुचतो. रात्रीचे दोन. स्वयंपाकघरात एकच दिवा. रिक्षावाला जमिनीवर बसलाय, समोर झाकून ठेवलेलं ताट तसंच. बायको दारात उभी, तिला काय विचारावं कळत नाही. दुसरा प्रसंग कट्ट्यावरचा. मित्र हसून म्हणतो, "याला येरवड्याला पाठवा रे." हे वाक्य गाळू नका, आपण सगळे ते बोललेलो आहोत. रिक्षावाला त्यावर हसत नाही, उठून जातो. तिसऱ्या प्रसंगात तोच मित्र सकाळी गाडी घेऊन त्याच्या दारात येतो : "चल, मी येतो बरोबर. केसपेपर मी काढतो." आणि गोळीनं तो तिथल्या तिथे ताठ उभा राहिला असं दाखवू नका. उदासपणावरच्या गोळ्यांना लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातच "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे मी कितीतरी पाहिले. मित्रानं "दुसरा आठवडा झाला का रे?" असं विचारलं तरी पुरे.

दोर, बाटली, विहीर, यातलं काहीही मंचावर आणू नका. गर्दीत त्याच विचारात असलेलं कुणी उभं असू शकतं.

देखाव्याशेजारी मोठ्या अक्षरात फळा लावा. त्यावर १४४१६ लिहा : टेली-मानस, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली, पण किती जणांना हा क्रमांक पाठ आहे? त्याखाली तुमच्या तालुक्याची माहिती हवी. दोघं जण ग्रामीण रुग्णालयात जा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं, कोणत्या खोलीत बसतं, विचारून या. वार आणि खोली दोन्ही लिहा. फळ्याच्या तळाशी : 'सोबत यायला कुणी हवं असेल तर मंडळात सांगा.' हे वाक्य लिहिलंत तर दहा दिवसांनंतरही पाळावं लागेल, तेव्हा आधी आपसात बोलून घ्या. कोण सुट्टी काढू शकतं, कोणाकडे गाडी आहे, आणि ऐकलेलं घरीसुद्धा सांगणार नाही असं कोण आहे.

संहिता लिहून झाली की प्रतिष्ठापनेच्या निदान तीन आठवडे आधी मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. रात्री दोनच्या प्रसंगात बायकोच्या तोंडी काय घालायचं हे सगळ्यात अवघड आहे. ते आपण मिळून लिहू.